मोडलेल्या माणसांचे सिनेमे : मालिकेच्या तयारीच्या नोंदी

३ जून

मालिकेचं आज नक्की झालं. ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक सिनेमा आणि नंतर चर्चा. विषय अमेरिकन सिनेमातलं एक घराणं : कथानक नावापुरतं, सगळा भार एका माणसावर, आणि शेवटी त्या माणसाचं काही भलं होत नाही. दरवेळी चार पानांचं टिपण वाटायचंय, ते लिहायचं माझ्याकडे आलंय.

कच्ची यादी : 'फाइव्ह ईझी पीसेस' (१९७०), 'फॅट सिटी' (१९७२), 'लीव्हिंग लास व्हेगास' (१९९५), 'वेंडी अँड लूसी' (२००८), 'मँचेस्टर बाय द सी' (२०१६). 'वांडा' (१९७०) आणि 'किलर ऑफ शीप' (१९७७) हे दोन आमच्या फिल्म क्लबातल्या बाकीच्यांनी पाहिलेले नाहीत, ते पाहून ठरवायचं.

हे सिनेमे मला का लागतात ते आधीच लिहून ठेवते. दुःखातल्या माणसाला भेटायला येणारे बहुतेक जण काहीतरी सांगायला येतात. धीर धर, वेळ जाऊ दे, होईल सगळं नीट. मुख्य धारेतला सिनेमाही तसाच वागतो, दोन तासांत पात्राला शहाणं करून घरी पोचवतो. हे सिनेमे नुसते शेजारी येऊन बसतात. माणूस सुधारला नाही तरी त्याच्याकडे बघत राहण्याची त्यांची तयारी असते. वयाच्या ज्या टप्प्यावर मला कुणाचा सल्ला सोसवत नव्हता, तेव्हा या सिनेमांनी मला सांभाळलंय. त्यामुळे त्यांच्यातलं उणं शोधायचं ते प्रेमानेच, पण शोधायचं नीट.

११ जून

'फाइव्ह ईझी पीसेस' थांबत थांबत, प्रसंगवार नोंद करत पाहिला. दिग्दर्शक बॉब राफेलसन, पटकथा कॅरोल ईस्टमनची, श्रेयनामावलीत मात्र तिचं एड्रियन जॉइस हे टोपणनाव. जॅक निकल्सनचा बॉबी कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या तेलविहिरींवर राबतो, बोलिंग खेळतो, वेट्रेसचं काम करणाऱ्या रेयेटबरोबर राहतो. बऱ्याच वेळाने कळतं की तो वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावरच्या संगीतकार घराण्यातला, पियानोवर वाढलेला मुलगा आहे आणि ते सगळं सोडून आलाय.

या सिनेमाचं नाव काढलं की लोक टोस्टचा प्रसंग सांगतात. मेनूत नसलेला टोस्ट मिळत नाही म्हणून बॉबी टेबलावरचं सगळं हाताने झाडून खाली पाडतो. मला तो प्रसंग आता पातळ वाटतो. ओरडणारा पुरुष, समोर आपली नोकरी करणारी बाई, आणि आपण कुणाच्या बाजूने हसायचं ते आधीच ठरलेलं.

खरा प्रसंग पियानोचा. भावाशी लग्न ठरलेल्या कॅथरीनच्या आग्रहावरून तो शोपँचं ई मायनर प्रिल्यूड वाजवतो. वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा चिकटून राहत नाही. तो हातांवरून निघतो, कॅथरीनकडे जातो, मग भिंतीवर लावलेल्या घरच्या जुन्या फोटोंवरून सावकाश फिरत राहतो. ज्या घरापासून तो पळाला ते सगळं घर त्या सुरांत आपल्यासमोरून जातं. संपल्यावर कॅथरीन हेलावलेली असते, आणि तो तिला सांगतो की आठवलं त्यातलं सगळ्यात सोपं निवडलं, आठ वर्षांचा असताना याहून बरं वाजवत होतो, आत काहीच वाटलं नाही. ती दुखावते. आणि आपण कोड्यात पडतो, कारण आपल्याला तर वाटलेलं असतं. तो खोटं बोलतोय, की खरंच आटलाय? दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जिवंत राहतात. पक्षाघाताने वाचा गेलेल्या वडिलांपुढे तो नंतर रडतो तेव्हाही त्या मिटत नाहीत. पात्रप्रधान सिनेमाचं बळ म्हणतात ते इथे अगदी हाताला लागतं.

टिपणात एक परिच्छेद काळाबद्दल हवा. १९६८ साली हॉलिवूडची जुनी नीतिसंहिता जाऊन वयानुसार वर्गवारी आली. १९६९ च्या 'ईझी रायडर'ने थोड्या पैशांत भरपूर कमाई केली, आणि तो काढणाऱ्या मंडळींना, म्हणजे राफेलसन आणि त्याच्या भागीदारांच्या बीबीएस कंपनीला, कोलंबिया स्टुडिओने कमी खर्चाचे सिनेमे मनासारखे करू दिले. म्हणून असला नायक चालला. १९७५ मध्ये 'जॉज' आला, १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स', आणि स्टुडिओंचे डोळे दुसरीकडे लागले.

१९ जून

क्लबातल्या मैत्रिणीबरोबर तोच सिनेमा पुन्हा. ती नर्स आहे, रात्रपाळी करून आली होती. शेवट झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "तिचं पुढे काय झालं गं?"

शेवट असा : पेट्रोल पंपावर गाडी थांबते. रेयेट कॉफी आणायला निघते, बॉबी तिला आपलं पाकीट देतो. मग स्वच्छतागृहात जातो, कोट तिथेच ठेवतो, आणि उत्तरेकडे निघालेल्या ट्रकमध्ये बसून जातो. दुरून लावलेला कॅमेरा हलत नाही. रेयेट गाडीभोवती त्याला शोधत फिरते, ट्रक चौकटीबाहेर जातो, श्रेयनामावली सुरू होते. ती गरोदर आहे हे सिनेमात आधीच कळलेलं असतं.

मैत्रीण म्हणाली, "त्याला थंडी वाजेल याची काळजी ट्रकवाल्यालासुद्धा आहे. तिची कुणाला आहे?"

मी म्हटलं, ते कोरडेपण जाणूनबुजून दाखवलंय. तिला ते पटलं, तरी तिचा मुद्दा उरतोच. बॉबीला पियानो मिळाला, वडिलांपुढचं रडणं मिळालं, जवळून घेतलेला चेहरा मिळाला. रेयेटला टॅमी वायनेटची गाणी आणि रुसवे मिळाले. कॅरन ब्लॅकने त्यातूनही माणूस उभं केलंय, तिला ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगीच नव्हे. पण सिनेमाचा पैस तिच्यासाठी नाहीये. पुरुषाची उदासी खोल आणि बाईची उदासी म्हणजे कटकट, ही वाटणी या घराण्यातल्या सिनेमांत जागोजागी दिसते. टिपणात हे स्पष्ट लिहायचं.

२ जुलै

'वांडा'. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्षी कुणीतरी देऊन ठेवलं होतं.

बार्बरा लोडनने लिहिला, दिग्दर्शित केला, मुख्य भूमिकाही तिचीच. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, मूठभर माणसांच्या मदतीने, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या पट्ट्यात. कॅमेरा आणि संकलन निकोलस प्रोफेरेस. बँक दरोड्यात साथ दिल्याबद्दल शिक्षा झाल्यावर न्यायाधीशाचे आभार मानणाऱ्या एका बाईची बातमी लोडनने वाचली होती, त्यावरून हे सुचलं. १९७० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, पण अमेरिकेत तो जेमतेम लागला. लोडनचा पूर्ण लांबीचा सिनेमा हा एवढाच, १९८० साली ती कर्करोगाने गेली तेव्हा ४८ वर्षांची होती. २०१० मध्ये यूसीएलए या विद्यापीठाच्या फिल्म आर्काइव्हने त्याचं पुनर्संचयन केलं, म्हणून आज आपल्याला नीट पाहायला मिळतो.

सुरुवातीला कोळशाच्या काळ्या ढिगाऱ्यांमधून एक पांढरा ठिपका चालत जाताना दिसतो. फार वेळ. ती वांडा. केसांत कर्लर तसेच ठेवून ती कोर्टात उशिरा पोचते आणि मुलं नवऱ्याकडेच बरी राहतील म्हणून सांगून टाकते. शिलाईच्या कारखान्यात काम मागायला जाते, मालक म्हणतो, तू हळू आहेस. आधी केलेल्या कामाचे पैसे कापून इतके कमी कसे आले, हेही तिला कळून घ्यायचं असतं. सिनेमागृहात झोप लागते, पर्समधले उरलेसुरले पैसे कुणीतरी काढून नेतं.

आणि मधला तो प्रसंग. एका फिरत्या विक्रेत्याबरोबर रात्र काढल्यावर सकाळी तो तिला गाडीत घेतो खरा, पण वाटेत आइस्क्रीमच्या ठेल्यापाशी ती उतरते तेवढ्यात गाडी वळवून निघून जातो. पेट्रोल पंप आणि आइस्क्रीमचा ठेला, १९७० ची दोन ठिकाणं, रस्त्याकडेला सोडून दिलेल्या दोन बायका. राफेलसनचा सिनेमा तिथे संपतो. लोडनचा अजून खूप उरलेला असतो, कॅमेरा वांडाबरोबर राहतो. पुढे ती मिस्टर डेनिसच्या तावडीत सापडते, तोही डोकेदुखीने बेजार झालेला, चिडका, भुरटा माणूस. तो तिचे कपडे ठरवतो, गाडीच्या खिडकीतून नको ते फेकून देतो, बँक लुटायला बरोबर नेतो. तिच्या दुःखाला पार्श्वसंगीत नाही, लांबलचक कबुलीजबाब नाहीत. ती काय वाटतं ते सांगत नाही, कारण तिला कुणी विचारलेलंच नाही.

आमच्याकडे हा सिनेमा जड जाणार हे दिसतंय. वांडाने उठावं, काहीतरी करावं, असं पाहणाऱ्याला सारखं वाटतं. मुलांना सोडणारी आई म्हणून राग येतो तो वेगळाच. त्या काळातल्या काही स्त्रीवादी समीक्षकांनाही अशी निमूट नायिका रुचली नव्हती. मैत्रीण मात्र म्हणाली, "अशा बाया वॉर्डात रोज बघते. कागदावर सही कुठे करायची तेवढंच विचारतात."

'फाइव्ह ईझी पीसेस'च्या लगेच पुढच्या महिन्यात 'वांडा' लावायचा.

१४ जुलै

'लीव्हिंग लास व्हेगास' यादीतून काढला. निकोलस केजला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, काम जबरदस्त आहेच. दारू पिऊन मरायचं ठरवून बेन व्हेगासला येतो, आणि सेरा नावाच्या वेश्येबरोबर राहताना त्याची अट एकच असते, पिणं थांबव असं कधी म्हणायचं नाही. ती मान्य करते. इथून पुढे तिची माया, तिच्यावरचे अत्याचार, तिचं एकटेपण, सगळं त्याच्या मरणाच्या सेवेला लागतं. एलिझाबेथ श्यूने जीव ओतलाय, पण भूमिकाच पुरुषाच्या स्वप्नातून निघालीये. वर निऑनचे दिवे आणि जॅझ मिळून मरण देखणं करून टाकतात. ज्यांच्या घरात दारूने माणूस गेलाय असे दोघे-तिघे आमच्या हॉलमध्ये नक्की बसलेले असतील. त्यांच्यासमोर हा देखणेपणा मांडायची माझी इच्छा नाही.

२७ जुलै

आज 'फॅट सिटी'. बँकेतून निवृत्त झालेले काका पहिल्यांदाच तयारीच्या बैठकीला आले. त्यांची नोकरी कर्ज विभागात गेली. आतापर्यंतच्या नोंदी मी वाचून दाखवल्यावर म्हणाले, "अगं, हे सगळं खरं. पण हा माणूस भाडं कशातून भरतो, ते सांग की आधी."

फार मोलाचा प्रश्न आहे. यादीतल्या प्रत्येक सिनेमाला तो लावून बघायचा : काम काय, खिशात किती, आणि त्याच्या उदासीचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो? 'लीव्हिंग लास व्हेगास'मध्ये हातात आलेल्या पैशांच्या जोरावर मरायला मोकळीक मिळते, मग पैशाचा विषय संपतो. बॉबीने ज्या घराकडे पाठ फिरवली ते घर निदान परतायला उरलेलं आहे, तेलविहिरीवरच्या त्याच्या मित्राला ती सोय नाही.

'फॅट सिटी' या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतो. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन तरुणपणी स्वतः बॉक्सिंग करत असे. लेनर्ड गार्डनरने आपल्याच कादंबरीवरून पटकथा लिहिली, आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावातच चित्रण झालं, गरीब वस्तीतल्या खऱ्या गल्ल्या, खरे बार. स्टेसी कीचचा टली तिशीच्या उंबरठ्यावरचा, संपत आलेला बॉक्सर. पहाटे अंधारात मुकादम ओरडून मजूर गोळा करतात, बस भरते, आणि दिवसभर वाकून कांद्याच्या शेतात काम. त्याच्या निराशेला कमरेचं दुखणं आहे, रोजंदारीचा आकडा आहे. लढत जिंकल्यावर मॅनेजर आधी दिलेली उचल कापून उरलेले हातावर ठेवतो, तेव्हा काका खुर्चीतून पुढे सरकले होते.

सगळ्यात जास्त वेळ मी लुसेरोपाशी थांबले. टलीचा मेक्सिकन प्रतिस्पर्धी. तो एकटा बसने गावात येतो, लॉजच्या खोलीत जातो, लघवीतून रक्त जातं, कुणाला काही बोलत नाही. संध्याकाळी लढतो, हरतो, आणि नीटनेटक्या सुटात एकटाच बाहेर पडतो, पाठीमागे इमारतीतले दिवे विझत जातात. त्याला जवळजवळ संवादच नाहीत. नायकाला हरवायला आलेला माणूस नायकाइतकाच खचलेला आहे, हे ह्यूस्टन दोन मिनिटांत दाखवतो, आणि टलीची उदासी एकट्या टलीची उरत नाही.

उणं इथेही आहे. टली जिच्याबरोबर राहतो ती सुझन टायरेलची ओमा दारूच्या धुंदीत अखंड बोलते, काम अफाट आहे, पण ती बरीचशी टलीचा आरसा म्हणूनच उरते. स्टेक आणि वाटाण्यांच्या जेवणावरून दोघांचं भांडण होतं तो प्रसंग चर्चेत दाखवायचा.

९ ऑगस्ट

सार्वजनिक प्रदर्शनाच्या परवानग्यांसाठी पत्रव्यवहार सुरू. तीन ठिकाणांहून उत्तर आलं, बाकीच्यांची वाट बघतोय. हॉलचे पडदे मागच्या बाजूने फाटलेत, उजेड येतो. दिवाळीआधी शिवून घ्यायला हवेत.

२१ ऑगस्ट

'मँचेस्टर बाय द सी'. १३७ मिनिटं, यादीतला सगळ्यात लांब आणि सगळ्यांनी पाहिलेला. केनेथ लोनरगनला पटकथेसाठी आणि केसी अॅफ्लेकला अभिनयासाठी ऑस्कर मिळालं.

क्लबात यावर मतभेद आहेत. माझ्या मते तो मालिकेत हवाच, कारण शेवटी नायक ली बरा होत नाही. आपल्याच चुकीने लागलेल्या आगीत मुलं गेलेला माणूस पुतण्याच्या मायेने बरा होतो, अशी गोष्ट सहज करता आली असती. लोनरगन ते टाळतो. आपल्याला हे जमत नाही असं ली पुतण्याला सांगतो, आणि सिनेमा त्याला कमी लेखत नाही. काकांच्या प्रश्नालाही इथे चांगलं उत्तर आहे. ली इमारतींत नळ-संडास दुरुस्त करतो, तळघरातल्या खोलीत राहतो. भावाच्या बोटीचं इंजिन बदलायला पैसे नसतात, तर भावाच्या बंदुका विकून ते उभे करतात. जमीन गोठल्यामुळे भावाचं प्रेत पुरता येत नाही, वसंतापर्यंत ते शीतगृहात ठेवायचं. मैत्रिणीने हॉस्पिटलमधला प्रसंग दोनदा लावायला सांगितला. मृत्यूची बातमी, आणि लगेच पुढे कुणाला फोन करायचा, सामान कुठून घ्यायचं. ती म्हणाली, "असंच होतं. रडायला नंतर वेळ मिळतो."

न पटलेलं : आगीच्या प्रसंगावर अल्बिनोनीच्या नावाने ओळखलं जाणारं अडाजिओ वाजत राहतं, फार वेळ, फार मोठ्याने. लोकांच्या तोंडून काही ऐकू येत नाही, नुसतं संगीत. जे बघवत नाही ते आधीच समोर असताना प्रेक्षकाला रडायची खूण करायची गरज नव्हती. या घराण्याचा हा दुसरा दोष, दुःखाला सोवळं नेसवून देव्हाऱ्यात बसवणं. पुरस्कार देणाऱ्यांना हेच आवडतं, म्हणून ते वाढत गेलंय.

याउलट लीची आधीची बायको रँडी आणि ली रस्त्यात भेटतात तो प्रसंग. मिशेल विल्यम्सला सबंध सिनेमात थोडकीच मिनिटं आहेत. दोघं एकमेकांची वाक्यं तोडत बोलतात, कुणाचंच पूर्ण होत नाही, आणि शेवटी ली पळ काढतो. संगीताची आठवणही येत नाही. पण त्या प्रसंगानंतर मला रँडीच्या घरी जायचं होतं, आणि सिनेमा मला तिथे नेत नाही.

५ सप्टेंबर

'वेंडी अँड लूसी', दिग्दर्शक केली रायकार्ट, जेमतेम ८० मिनिटं. पुन्हा मिशेल विल्यम्स, या वेळी सगळा सिनेमा तिचा.

काकांना हा सगळ्यात जास्त आवडला, कारण वेंडी वहीत हिशेब लिहिते. अलास्कात मासे डबाबंद करायच्या कारखान्यात काम मिळेल म्हणून ती कुत्रीला घेऊन जुन्या गाडीतून निघालीये. ऑरेगॉनमध्ये गाडी बंद पडते. कुत्रीच्या खाण्यासाठी दुकानातून डबे उचलते, पकडली जाते, दंड बसतो, सुटून येईपर्यंत बाहेर बांधलेली लूसी गायब. दर अर्ध्या तासाला वहीतली बाकी खाली येते, आणि आपल्याला प्रत्येक आकडा लक्षात राहतो. रायकार्ट आणि लेखक जॉन रेमंड यांच्या डोक्यात ही गोष्ट कटरिना वादळानंतर आली, गरिबांनी आधीच सावध राहायला हवं होतं असं बोललं जात होतं त्या दिवसांत. वेंडीचा स्वभाव कसा, बालपण कसं, हे सिनेमा सांगत बसत नाही. गॅरेजवाल्याचा खर्चाचा अंदाज तिच्याबद्दल पुरेसं सांगतो. एक म्हातारा सुरक्षारक्षक निघताना मोजक्या नोटा तिच्या हातात कोंबतो, त्याच्याकडेही फारसं काही नाही हे आपण पाहिलेलं असतं.

एक धागा सापडला तो टिपणात घालणार. 'फाइव्ह ईझी पीसेस'मध्ये बॉबीच्या गाडीत बसलेली एक मुलगीही अलास्कालाच निघालेली असते, ते स्वच्छ आहे म्हणून. १९७० मध्ये अलास्का म्हणजे घाणीपासून सुटका, २००८ मध्ये रोजगार.

१८ सप्टेंबर

'किलर ऑफ शीप' सगळ्यांनी मिळून पाहिला. हा मालिकेच्या शेवटी लावायचा, यावर कुणाचं दुमत नाही.

चार्ल्स बर्नेटने यूसीएलएमधल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी केलेला सिनेमा. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, कृष्णधवल, सोळा मिलिमीटर, दहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात, पडद्यावर बरीचशी वस्तीतलीच माणसं. गाण्यांचे हक्क घेतलेले नसल्याने तीस वर्षं तो रीतसर लागू शकला नाही, २००७ साली लागला.

स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या कापतो. झोप येत नाही, बायकोजवळ जाववत नाही. यादीतल्या कुणाहीइतका तो खचलाय, पण त्याला ट्रकमध्ये बसून निघून जायची मुभा नाही, घरात दोन मुलं आहेत. तो आणि मित्र गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात, जिन्यावरून जीव काढत खाली आणतात, पिकअपच्या अगदी कडेला ठेवतात. मित्राचं बोट चेमटतं, आणखी आत ढकलायचा कंटाळा येतो, राहील तिथे म्हणतात. गाडी चढावर निघते आणि इंजिन रस्त्यावर पडून कामातून जातं. कॅमेरा मागे वळून त्या इंजिनाकडे बघत बघत पुढे जातो. पगाराचे पैसे गेले. हा प्रसंग पाहताना आमच्यातलं कुणी हसलं, मग थांबलं.

इथे बायको बोलते. दोघं गुंड स्टॅनला एका खुनात ओढायला येतात तेव्हा तीच पायऱ्यांवर उभी राहून त्यांना सुनावते. डायना वॉशिंग्टनच्या 'धिस बिटर अर्थ' या गाण्यावर ती नवऱ्याला धरून खोलीत हळूहळू नाचते, तो निघून जातो, आणि कॅमेरा तिच्यापाशी राहतो. आणि भोवती सतत मुलं : दगड मारणारी, रुळांवर खेळणारी, एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या घेणारी. एका माणसाची उदासी अख्ख्या वस्तीच्या जगण्यात ठेवली की ती किती वेगळी दिसते, हे मला यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही सिनेमाने इतकं स्वच्छ दाखवलेलं नाही. बॉबी ड्युपीवरचं माझं प्रेम याने कमी होत नाही. पण चार पानी टिपणात मी आता जास्त ओळी स्टॅनच्या बायकोला देणार आहे. तिला सिनेमात नाव नाही, केसी मूर या अभिनेत्रीचं आहे.

२९ सप्टेंबर

क्रम ठरला : 'फाइव्ह ईझी पीसेस', 'वांडा', 'फॅट सिटी', 'मँचेस्टर बाय द सी', 'वेंडी अँड लूसी', 'किलर ऑफ शीप'. ऑक्टोबर ते मार्च.

टिपण सिनेमा संपल्यावर वाटायचं. आधी दिलं तर लोक आम्ही सांगितलेलं शोधत बसतील. प्रत्येक टिपणाच्या शेवटच्या पानावर काकांचे तीन प्रश्न छापायचे, खाली रिकाम्या ओळी सोडायच्या. पहिल्या चर्चेची सुरुवात मैत्रीण करेल, रेयेटपासून. तिची त्या रविवारची पाळी बदलून मिळाली आहे.

'वांडा'चं टिपण चार पानांत बसत नाहीये. छापखान्याशी बोलले, त्या महिन्यात सहा पानं करू म्हणाले. पडदे अजून शिवायचेत.